खिडकीला लावलेलं फुप्फुस

नोगोबाईंना 'ठीक आहे' हे शब्द अजिबात खपत नसत. चहा ठीक आहे, तब्येत ठीक आहे, माल ठीक आहे, असं कुणी म्हटलं की त्या चष्म्याच्या वरून बघायच्या आणि विचारायच्या, "ठीक म्हणजे किती?" समोरचा गडबडायचा. ठीक म्हणजे किती, हे आपल्यापैकी कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तर आपण तो शब्द वापरतो. नोगोबाईंचं भांडण होतं ते नेमकं त्याच्याशीच.

त्यांचं नाव इंदुमती. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात पंपांना लागणारे पितळी बुश बनायचे. बुश म्हणजे आतून पोकळ, जाडसर, बांगडीपेक्षा लहान नळकांडं. त्याचं भोक मापात आहे का हे बघायला एक छोटी पोलादी दांडी असते, तिला गेज म्हणतात. तिचं एक टोक 'गो', ते भोकात गेलंच पाहिजे. दुसरं 'नो-गो', ते जाता कामा नये. ताईंनी चौतीस वर्षं ही दांडी हातात धरली. त्यांच्या टेबलावरून नापास होऊन परत गेलेल्या मालाचे ढीग बघून मशीनवरच्या लोकांनी त्यांचं नाव नोगोबाई ठेवलं. हे अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे ताईच म्हणायचे, मोठे साहेबसुद्धा.

कँटीनला नवा कंत्राटदार आला तेव्हाची गोष्ट सगळा कारखाना अजून सांगतो. वडा लहान झाला होता. सगळे कुरकुरत होते, आणि कुरकुरत खात होते. ताईंनी एका दुपारी पिशवीतून व्हर्नियर काढला, म्हणजे आमची बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी, आणि पानातला वडा तिच्यात धरला. असं त्यांनी सलग पाच दिवस केलं. सहाव्या दिवशी साहेबांच्या टेबलावर तपासणीचा रीतसर फॉर्म पडला. मालाचं नाव : बटाटावडा. खाली पाच दिवसांची मापं, आणि वर तांबड्या शाईचा शिक्का : रिजेक्ट. पुढच्या आठवड्यात वडा मूळ पदावर आला. "कुरकुर सगळ्यांना येते गं," ताई मला म्हणाल्या, "माप घ्यायला कुणी उठत नाही."

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि मला सगळं येतं अशी माझी समजूत होती. पहिल्याच महिन्यात मी एक मोठा लॉट वरवर चाळून पास केला. दिसायला सगळे बुश सारखेच होते, लखलखीत. ताईंनी त्यातला एक उचलला आणि एवढंच विचारलं, "मोजलंस का?" मी म्हटलं, दिसतायत की बरोबर. त्या रागावल्या नाहीत. अख्खा लॉट पुन्हा माझ्यापुढे ओतला आणि स्वतः शेजारी स्टूल घेऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत मी मोजत होते आणि त्या विणत होत्या. सतरा बुश बाद निघाले. डोळ्याला त्यातला एकही कळला नव्हता.

त्यांचं दुसरं म्हणणं होतं, की एकट्या मापावरून काही कळत नसतं. मशीनचं हत्यार झिजत जातं, भोक हळूहळू बदलत जातं. म्हणून कुठलाही आकडा सांगितला की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, "आधीचं माप कुठंय?" आधीचं आणि आत्ताचं शेजारी ठेवलं की कळतं, गोष्ट जागेवर आहे की चाललीय कुठं. हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की मुलाला ताप आला तरी मी नवऱ्याला विचारायची, आधी किती होता? तो बिचारा वैतागायचा.

त्या रिटायर झाल्या त्या दिवशी मी धीर करून विचारलं, "ताई, मी पास का हो?" हार गळ्यात, पेढ्यांचा बॉक्स हातात, आणि डोळे कोरडे ठणठणीत. म्हणाल्या, "माणसाला गेज नसतं, मंगल. असतं तर किती बरं झालं असतं." मला तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

कारखान्याबाहेरही त्या माझ्या नशिबात होत्याच, कारण दिवा गावात आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. तीन खोल्या : आमची, ताईंची आणि भोईर काकींची. ताईंनी लग्न केलेलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "एकही मापात बसला नाही." दिव्याला पाण्याची बोंब कायमची. टँकर आला की आधी पिंपं भरायची, मग बाकीचा संसार. पॅसेजमध्ये सगळ्यांची निळी पिंपं एकाला एक लागून, आणि सगळी एकसारखी. हे तुमचं की आमचं, यावरून आमची तोंडं व्हायची. एकदा भोईर काकी आणि मी दोन दिवस बोलत नव्हतो.

ताईंनी त्यावर तोडगा काढला : पिंपांवर नावं टाकायची, आणि ती ब्रशनं वेडीवाकडी नाही, तर स्टेन्सिल कापून. आता स्टेन्सिल म्हटली की आमच्या कारखान्यातल्या माणसाच्या डोळ्यापुढे एकच वस्तू येते, जुना एक्स-रे. खोक्यांवर नंबर टाकायला आम्ही तोच वापरायचो. कागद भिजतो, पत्रा हाताला कापतो. एक्स-रेची फिल्म फाटत नाही, रंग पीत नाही, पुसली की पुन्हा तयार. योगायोगानं त्याच वर्षी कंपनीनं सगळ्यांची तपासणी करून छातीचे एक्स-रे हातात दिले होते. ताईंच्या पाकिटावर लिहिलं होतं, नॉर्मल. त्यांनी फिल्म जमिनीवर अंथरली, दाढीचं पातं घेतलं आणि तिच्या आडव्या तीन पट्ट्या केल्या, तीन बिऱ्हाडांना तीन.

मी म्हटलंही, "ताई, ठेवा की. कधी लागला तर?"

"पास झालेला माल कुणी टेबलावर मांडून ठेवतं का?" त्या म्हणाल्या, आणि काकींच्या नावातला 'भ' कापायला घेतला.

चौतीस वर्षं जी बाई 'आधीचं माप कुठंय' म्हणून आमचा जीव खात होती, तिनं स्वतःचं आधीचं माप असं कापून वाटून टाकलं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. नावं मात्र फार सुबक आली होती. आमचं भांडण मिटलं.

रिटायर झाल्यावर दोनेक वर्षांत त्यांना तांदळातला खडा दिसेनासा झाला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन ठरलं, आणि त्याआधीची तपासणी म्हणून कुणीतरी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. ना खोकला, ना दम, ना ताप. तिसऱ्या मजल्यावर पाण्याची कळशी घेऊन चढणारी बाई ती. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक गाठ दिसली. मग मोठा स्कॅन झाला, त्यातही ती होती.

रिपोर्ट आणायला ताईंचे धाकटे भाऊ वसंतराव गेले होते. ते डोंबिवलीला राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन आणि तितकेच घाबरट. त्यांनी रिपोर्ट वाचला, पाकिटात घालून पाकीट शर्टाच्या आत ठेवलं आणि आमच्या दारात येऊन मला कुजबुजत म्हणाले, "ताईला काही सांगायचं नाही. थोडा कफ आहे म्हणायचं." ताई त्यांच्या मागेच उभ्या होत्या. डोळे अधू झाले तरी कान तयार होते.

"वसंता, पार्ट माझ्या छातीतला, आणि ड्रॉइंग मलाच दाखवायचं नाही?" हात पुढे करून त्या तशाच उभ्या राहिल्या. वसंतरावांनी गुमान शर्टाचं बटण काढलं.

मग कारणांचा पाऊस सुरू झाला. वसंतरावांच्या बायकोचं म्हणणं, कबुतरं. ताई गॅलरीत त्यांना ज्वारी टाकतात, त्यांच्या घाणीनं छाती खराब होते. आमच्या ग्राइंडिंग खात्यातले जुने पाटीलमामा भेटायला आले, ते म्हणाले, ही तर आपली धूळ, ताई, तुमचं टेबल आमच्या खात्याला लागूनच होतं ना. बिल्डिंगचे सेक्रेटरी म्हणाले, कचरा जाळतात त्याचा धूर. वसंतरावांना आठवलं की गावी लहानपणी ज्या आजीजवळ ताई झोपायच्या तिला टीबी होता. एका बाईनं तर अगरबत्तीचं नाव घेतलं. प्रत्येक जण आपापलं कारण घेऊन यायचा, चहा प्यायचा आणि आवाज खाली करून निघून जायचा. जे कारण सगळ्यांच्या मनात होतं ते तेवढं कुणी उच्चारत नव्हतं, मीसुद्धा नाही.

ते ताईंनीच उच्चारलं. खोलीत पाच-सहा माणसं बसलेली असताना म्हणाल्या, "कॅन्सरपण असू शकतो ना? मग तो शब्द काय खोलीबाहेर चप्पल काढून बसलाय? येऊ दे आत. आणि हळू आवाजात बोलायचं असेल त्यानं इथं यायचं नाही. मी अजून आहे." त्यानंतर चहाला येणारी माणसं निम्मी झाली. ताईंना त्याचं काही वाटलं नाही.

डोंबिवलीतल्या छातीच्या डॉक्टर माझ्याहूनही लहान होत्या. मी आणि वसंतराव बरोबर गेलो होतो. त्यांनी ताईंनाच समोर बसवलं. म्हणाल्या, "काकू, अशा गाठीची कारणं बरीच असतात. लहानपणी टीबी होऊन आपोआप बरा झाला असेल तर त्याचा व्रण राहतो. कधी बुरशीचं इन्फेक्शन असतं. कधी वर्षानुवर्षं धूळ गेल्यानं होतं. काही गाठी निरुपद्रवी असतात, नुसत्या बसून राहतात. आणि कधी कॅन्सर असतो. नुसतं बघून मी नाही सांगू शकत."

"नुसतं बघून सांगत नाही म्हणालात, बरं वाटलं," ताई म्हणाल्या. "माप किती?"

"चौदा मिलिमीटर."

"कुठून कुठं?"

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, आणि मग आमच्याजवळच्या नव्या एक्स-रेवर पेननं गोल केला : उजव्या हाताकडच्या गळ्याच्या हाडाखाली, दोन फासळ्यांच्या मधे. "आता मला एक सांगा, काकू. जुना एखादा एक्स-रे आहे? त्यात ही गाठ इथंच आणि एवढीच असेल, तर ती बहुतेक जुनी खूण. आपण नुसतं लक्ष ठेवू. आणि त्यात नसेल, तर मी थांबायला सांगणार नाही. सुईनं तुकडा काढून तपासायला लागेल, लगेच."

वसंतराव मधेच म्हणाले, "सुई नको हो. सुई लागली की पसरतं म्हणतात. आमचे घरचे डॉक्टर म्हणाले टीबीच असणार, सहा महिने गोळ्या देऊन बघू."

"सुईनं पसरत नाही, हा गैरसमज आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण ते दुसरं काही निघालं, तर सहा महिने फुकट जातील. तेवढा वेळ मला काकूंचा घालवायचा नाहीये."

मी ताईंकडे बघितलं. 'आधीचं माप कुठंय' हा त्यांचाच प्रश्न टेबलापलीकडून त्यांच्याकडे आला होता. खाली रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, "कापला गं मी तो. माझ्या हातानं." तेवढंच. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल, गोळा करू."

आमची पट्टी माळ्यावर सापडली, निळ्या रंगानं माखलेली. तिच्यात बरगड्यांचा खालचा घेर होता, म्हणजे ती फिल्मचा तळ. ताईंची पट्टी त्यांच्या गादीखाली होती, ती निघाली मधली. उरली वरची, जिच्यात गळ्याची हाडं आणि फुप्फुसांचे शेंडे, आणि ती होती भोईर काकींकडे. काकी दोन वर्षांपूर्वी बिऱ्हाड हलवून शीळफाट्याला भावाच्या जागेत राहायला गेल्या होत्या. फोन लावला तर म्हणाल्या, पट्टी हाय, ये. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आणि मी रिक्षानं निघालो. नवा एक्स-रे मी मांडीवर धरला होता. वाटेत ताई म्हणाल्या, "असेल तिथं. असायला पाहिजे." जी बाई 'असेल' हा शब्द तोंडातून काढत नव्हती, ती हे म्हणाली. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, हेही पहिल्यांदाच.

काकींचं घर मोठ्या रस्त्याच्या मागच्या अंगाला. ट्रकच्या चाकाखालून दगड उडून त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटली होती, आणि त्या जागी काकींनी ती पट्टी ठोकली होती. अक्षरांच्या भोकांवर मागून प्लॅस्टिक. ऊन पश्चिमेचं, थेट खिडकीच्या पाठीमागून येणारं. आम्ही आत शिरलो आणि समोर, गॅसच्या वर, ताईंचं फुप्फुस उजेडात उभं होतं. गळ्याची दोन हाडं, त्यांच्या खाली फासळ्या, त्यांच्याखाली 'भोईर'.

"आगो बाय," काकींनी कपाळाला हात लावला, "दोन वरसं तुझी छाती माझ्या चुलीवं लटकलीय, आणि मना म्हाईत नाय!"

ताई खिडकीशी गेल्या. मान मागेपुढे केली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते उन्हाचं. मग मागे सरल्या. "धुकं दिसतंय नुसतं. मंगल, तू बघ."

मी नवा एक्स-रे शेजारी धरला. पेनाचा गोल कुठं आहे ते बघितलं. गळ्याचं हाड, त्याखालची फासळी, मग मधली जागा. पट्टीवर तीच जागा शोधली. अक्षरं बरीच खाली होती, ती जागा कापली गेली नव्हती. आणि तिथं एक डाग होता, गोलसर, साधारण तेवढाच.

"आहे!" मी ओरडले. "ताई, आहे! तिथंच आहे!"

काकींनी देवाकडे बघून हात जोडले. माझ्या छातीवरचा दगड उतरला. ताईंचा चेहरा क्षणभर सैल झाला, ओठ हलले. आणि मग ती सवय, ती मेली चौतीस वर्षांची सवय मधे आली.

"पुसलंस का?"

दोन वर्षांच्या फोडण्यांचा थर होता त्या फिल्मवर. काकींनी चिंधीचा बोळा रॉकेलमध्ये बुडवून दिला. मी पुसायला लागले. फिल्मवर बोळा कुरकुर वाजत होता. आजूबाजूचा थर निघाला, फासळ्या स्वच्छ झाल्या. मी त्या डागाला मुद्दाम हात लावत नव्हते. शेवटी लावला. डागाची एक कड पुसट झाली.

माझा हात थांबला.

काकी माझ्या शेजारीच होत्या, त्यांनाही ते दिसलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको, पुसू नको, राहू दे, असं ते मान हलवणं होतं. मागे ताई उभ्या होत्या, धुक्यात. मी 'आहे' म्हटलं की आहे. मग सुई नाही, वसंतरावांच्या जिवाला घोर नाही, ताई घरी जाऊन कबुतरांना ज्वारी टाकतील. आणि नुसतं लक्ष ठेवण्यात जे महिने जातील, त्यांचं काय? आत जे काही चौदा मिलिमीटरचं बसलं होतं, ते तेवढ्यात काय करेल? त्या बाईला मी काय तोंड दाखवणार होते जिनं मला सतरा बुश शोधायला शिकवले? तिला मी लखलखीत दिसतंय म्हणून पास करणार होते?

मी बोळा पुन्हा लावला. डाग निघाला, तेलाचा होता. त्याच्याखाली फिल्म काळी, स्वच्छ, कोरी.

"नाही, ताई," मी म्हटलं. "तेल होतं. खाली काहीच नाहीये."

"नीट सांग. पुसट आहे का नाही?"

"नाही."

"म्हणजे नवीन आहे," ताई म्हणाल्या. आवाज नेहमीचा, टेबलावरचा. "काकी, खिळे काढ. काचेचं मी बघते तुझ्या. मंगल, रडायचं असेल तर रिक्षात रड, डॉक्टरबाई पाच वाजता बसतात."

डॉक्टरांनी ती पट्टी दिव्याच्या पांढऱ्या खोक्यावर लावली. रॉकेलचा वास सगळ्या दवाखान्यात पसरला. त्यांनी भिंगानं बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, बरोबर आहे. वसंतरावांनी अजून एकदा गोळ्यांचं काढलं. ताई म्हणाल्या, "वसंता, मोजायच्या आधी कितीपण भांड. मोजल्यावर भांडण नसतं." दोन दिवसांनी त्यांनी सुई घेतली. आठवड्यानं रिपोर्ट आला, तो कॅन्सरचाच होता. लहान होता, कुठं गेलेला नव्हता. ठाण्यात ऑपरेशन झालं, उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढला. व्हीलचेअर नाकारून ताई ऑपरेशनच्या खोलीपर्यंत चालत गेल्या, आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "काढलेला पार्ट मोजला का?"

कारण कुणी ठामपणे सांगू शकलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, धूळ असेल, धूर असेल, काहीच नसेलही. भेटायला येणारे मात्र सोडत नसत. व्यसन नाही काही नाही, मग तुम्हालाच कसं हो, असं जणू ताईंनी कुठंतरी चोरून काही केलं असावं अशा नजरेनं विचारत. ताई उलट विचारत, "कारण सापडेपर्यंत आत ठेवायला हवी होती का?"

पण कारण माहीत नाही म्हणून त्यांनी धुळीला सोडलं नाही. ऑपरेशनला तीन महिने झाले नसतील, एका सकाळी त्या कारखान्याच्या गेटवर हजर. हातात तोच तपासणीचा फॉर्म, मालाचं नाव : ग्राइंडिंग खात्यातली हवा. माप : घेतलेलं नाही. वर शिक्का : रिजेक्ट. साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हटल्यावर त्या टाइम ऑफिसच्या बाकावर बसल्या. दुसऱ्या दिवशी बसल्या. तिसऱ्या दिवशी पाटीलमामा आणि सात-आठ जण त्यांच्याशेजारी बसले, आणि खोटं कशाला सांगू, मी माझं टेबल सोडून गेले नाही, जेवायच्या सुट्टीत तेवढी गेले. साहेब बाहेर आले. हवेतली धूळ मोजली गेली, मशीनवर धूळ ओढणारे पंखे बसले, आणि दरवर्षीचे एक्स-रे ज्याच्या त्याला घरी द्यायचे ठरले. ते मिळाले तेव्हा ताईंनी प्रत्येकाला सांगून ठेवलं, "स्टेन्सिल कापलीस तर याद राख."

मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी त्यानंतर करून घेतलं. पुढची सहा वर्षं त्या जगल्या, आणि जगल्या म्हणजे ठीक नाही, चांगल्या जगल्या. दर तपासणीला डॉक्टरबाईंना विचारायच्या, आधीचं माप कुठंय, आणि दोघी मिळून हसायच्या. अखेरचे काही महिने वसंतरावांनी त्यांना डोंबिवलीला नेलं. गेल्या वर्षी एका दुपारी जेवून उठताना हृदय बंद पडलं. वसंतरावांचा फोन आला. रडत होते, आणि रडता रडता मला म्हणाले, "मंगलताई, छाती मात्र शेवटपर्यंत स्वच्छ होती हो." त्यांनाही कळलं होतं की मला काय विचारायचं असेल.

त्याच्या महिनाभर आधी मी भेटायला गेले होते. गॅलरीत बसलो होतो, कबुतरं होती. बोलता बोलता ताईंनी एकदम विचारलं, "त्या दिवशी काकीच्या खिडकीशी किती वेळ थांबली होतीस?"

मी काही समजलं नाही असं दाखवलं.

"मोतीबिंदू डोळ्यात होता, कानात नव्हता. बोळा वाजत होता. मग थांबला." त्या कबुतरांकडे बघत होत्या. "मी मोजत होते. अकरापर्यंत मोजलं. म्हटलं, आता ही 'आहे' म्हणणार, आणि मी ते ऐकणार. खरं सांगते मंगल, मी ऐकलं असतं. मला फार हवं होतं ते."

मी कबुतरांपुढे ज्वारी टाकली.

"मग परत वाजायला लागला," ताई म्हणाल्या. त्यांनी डाव्या हाताची मूठ उघडली आणि माझ्या हातात ती पोलादी दांडी ठेवली, गेज, चौतीस वर्षं पिशवीत वागवलेली. "पास."

मग म्हणाल्या, चहा टाक, आणि या वेळी साखर मोजून घाल.